मागची बाजू नसलेला खेळ

हिरामण, मरायलासुद्धा तू सीझन साधलास.

भाद्रपद निम्मा सरला. पितृपक्ष तोंडावर आला. जळगावपासून धुळ्यापर्यंत लग्नाचे हॉल रिकामे पडले, खुर्च्या एकीवर एक चढल्या, आणि ज्या पंधरवड्यासाठी आपण वर्षभर जगायचो, त्याच्या आदल्या आठवड्यात तू उठून चालता झालास. स्मशानात सगळे गंभीर तोंडं करून उभे होते आणि मला, निर्लज्ज माणसाला, एकच प्रश्न सुचत होता: या वर्षी पत्ते मांडून माझ्यासमोर बसणार कोण?

तुझ्या मातीला आलेल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की आपण तीन पत्ती खेळायचो. माझ्या शेजारचे एक काका हळूच म्हणाले, "माणूस सोन्यासारखा, पण पत्त्यांनी खाल्ला."

मी म्हटलं, "काका, ते पत्ते वेगळे."

"वेगळे म्हणजे? पैसे लावायचे ना?"

"नाही."

"मग कसाले खेळे तो?"

मी आयुष्यभर लग्नात माईक धरून बोललो. नवरी उशिरा आली तर दोन तास मांडव हसत ठेवलाय. पण त्या काकांपुढे माझी बोलती बंद झाली, हिरा. तू असतास तर टाळी मागितली असतीस.

हे मी तुझ्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसून लिहितोय. धुळ्याच्या देवपुरातली तीच खोली, तोच गुडघ्यात डुगडुगणारा टेबल. टेबलावर वहिनींनी जुनी चादर टाकलीय. चादरीखाली आपला शेवटचा डाव तसाच मांडलेला आहे. खाली दुकानात नवा भाडेकरू मोबाईलच्या कव्हरांचे खोके उतरवतोय आणि संध्याकाळपर्यंत त्याला वरची खोलीही रिकामी हवी आहे. म्हणजे तुझे पत्ते उचलायला माझ्याकडे आजचा दिवस आहे. ते उचलले की तू हरलास. आपल्या नियमाने, कायमचा.

त्या काकांना सांगायचं राहिलं ते इथे सांगतो. तुला पाठ आहे, तू डुलकी काढ. हे पत्ते दुकानात बंद पाकिटात मिळायचे. पाकीट फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळायचं नाही. एका पत्त्यावर राक्षस, दुसऱ्यावर मंत्र, तिसऱ्यावर किल्ला. नको असलेला द्यायचा, हवा असलेला बदलून घ्यायचा, आणि असं करत करत प्रत्येकाने आपला गठ्ठा स्वतः जमवायचा. मग दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांवर राक्षस सोडायचे. जगभर याच्या स्पर्धा होतात, विभागाचे विजेते, देशाचे विजेते, मोठमोठे करंडक. आपल्याकडे हे खूळ आलं तेव्हा तू नुकतं मशीन टाकलं होतंस आणि मला नुकतं पहिलं लग्न मिळालं होतं. बोलायचं लग्न, करायचं नव्हे.

सुरतेहून तुझा मावसभाऊ आला तो खेळाचा खोका घेऊन. आत नियमांचा एक कागद होता. दोन दिवसांत तो परत जायचा होता, म्हणून तू कागदाची झेरॉक्स काढलीस. तीच झेरॉक्स जळगावला गेली, फैजपूरला गेली, नशिराबादला गेली. तीच वाचून सगळा खान्देश हा खेळ शिकला.

आणि तू एकाच बाजूची काढली होतीस!

ज्याचा धंदाच झेरॉक्सचा, ज्याच्या दुकानावर पाटी होती "दोन्ही बाजू व्यवस्थित निघतील", त्या माणसाने कागद उलटूनच पाहिला नाही. पुढच्या बाजूला खेळ सुरू कसा करायचा, हल्ला कसा करायचा, मंत्र कधी टाकायचा, सगळं होतं. खेळ संपतो कधी, ते मागच्या बाजूला. आपल्याला वाटलं, नियम एवढेच. गोऱ्यांनी शेवट आपल्यावर सोडलाय.

पहिल्या चॅम्पियनशिपची फायनल तुझी-माझी. जळगावचा हॉल. हॉलवाला म्हणाला होता, "पितृपक्षात कुत्रं फिरकत नाही इकडे. पत्ते खेळा नाहीतर गोट्या, जाताना झाडून द्या." प्रत्येक खेळाडू घरच्या श्राद्धातलं उरलेलं डब्यात घेऊन आला होता. खीर, कढी, वडे, डांगराची भाजी. गावभरच्या पितरांच्या पंगतीत आपला खान्देशचा पहिला विजेता ठरणार होता, आणि ठरेना. माझे राक्षस मेले, तुझे मेले, गठ्ठे संपले, पुन्हा पिसले, पुन्हा सुरू. लोक खीर खाऊन पेंगायला लागले. शेवटी मी ओरडलो, "अरे, हे संपवायचं कसं?"

तू डोकं खाजवलंस आणि खान्देशच्या क्रीडाविश्वाला तुझी देणगी दिलीस: "जो म्हनी मी हारनू, तो हारना."

"आणि कोणीच नाही म्हटलं तर?"

"मंग खेय." म्हणजे खेळत राहा.

त्या दिवशी मीच म्हणालो, हरलो. तू माझ्या बाजूला आलास, माझे विखुरलेले पत्ते स्वतःच्या हाताने गोळा केलेस, टेबलावर ठोकून चारी कडा सरळ केल्यास आणि गठ्ठा माझ्या हातात ठेवून म्हणालास, "पुढला सालले ये, जगन." बस, तोच नियम झाला. हरलेल्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. जिंकलेल्याने त्याचे पत्ते गोळा करून हातात द्यायचे आणि पुढच्या वर्षाचं बोलावणं करायचं. बोलावणं होईपर्यंत हार पुरी होत नाही. एकदा म्हटलेलं मात्र परत घेता येत नाही.

काय एकेक माणसं अडून बसायची! फैजपूरचा अरुण आठवतो? केळीवाल्यांचा पोरगा, टेबलावर एकच राक्षस उरलेला, तोही आडवा, आणि पठ्ठ्या म्हणतोय, "बघू, बघू." दुपार गेली, ऊन उतरलं. शेवटी त्याची आई रिक्षा करून हॉलवर आली. पदर खोचून तुझ्यासमोर उभी: "हारला रे बाप्पा माह्या पोरगा, मी सांगते ना! आता तरी त्याले जेवू द्या."

तू हात जोडून उठलास. "अक्का, तुम्ही म्हणून नाही चालत. त्यानेच म्हणायला पाहिजे."

"मी त्याले जन्म देला, अन् मी म्हटलेलं चालत नाही?"

"जन्माचं चालतं अक्का. हारण्याचं नाही."

अख्खा हॉल हसला, अक्काही हसल्या, आणि अरुणने त्या हशातच पुटपुटून टाकलं. तू त्याचे पत्ते लावलेस, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं ते मी माईकवरून कोणाला सांगितलं नाही. मलाही थोडी अक्कल आहे.

मग आली मागची बाजू. आणली अरुणनेच. पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि सुट्टीत आला तो नियमांचा पूर्ण कागद घेऊन. पाठपोट छापलेला. हॉलच्या स्टेजवर आम्ही सगळे त्या कागदाभोवती कोंडाळं करून उभे राहिलो, जसं काही कोणाचं जन्मटिपण काढलंय. मागे लिहिलं होतं की प्रत्येकाला सुरुवातीला ठरावीक गुण असतात, हल्ला झाला की गुण कमी होतात, शून्य झाले की खेळ संपला. इतकंच. इतकं सोपं. नशिराबादची मंडळी तर जमिनीवर बसलीच. कोणीतरी म्हणालं, "म्हंजे बठ्ठं खेयेल वाया?" आजवर खेळलेलं सगळं फुकट.

तू कागद हातात घेतलास, पुढून पाहिलास, मागून पाहिलास. आणि म्हणालास, "कागद सांगी का, मी हारनू म्हनीसन?"

माईक माझ्या हातात होता. मी म्हटलं, "हिरामणभाऊ, जगात सगळे असंच खेळतात."

"जगले खेळू दे. मी सांगसू तवयच."

"अरे, पण समोरचा कधी म्हणणारच नाही, असा कसा खेळ?"

"मंग त्याले म्हनाले लागीन असं खेय ना तू. गुन मोजीसन कसाले मारस त्याले?"

दोन तास भांडलो आपण, दोघांत एक माईक. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमच आहे, टाळ्या वाजत होत्या. हात वर करून मत घेतलं. कागद जिंकला. माझाही हात वर होता, आणि आजही सांगतो, बरोबर मीच होतो. ज्या खेळाला शेवट नाही तो बाहेर कोण खेळणार? पोरांना पुण्यात, मुंबईत खेळायचं होतं. खान्देशचा विजेता म्हटल्यावर तिथे कोणीतरी ओळखायला हवं होतं. नियम जगाचेच हवेत.

तर पोरं गेली. जगाच्या नियमाने खेळली. पहिल्याच फेरीत आपटली, सगळी. त्यांना गुण मोजायची सवयच नव्हती ना. आपल्या पोरांना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत खेळायची सवय, तो कधी मोडतो याची वाट बघायची. तिकडे कोणी चेहरा वर करत नाही म्हणे. अरुण परत आला आणि मला म्हणाला, "दादा, मी हरलो ते मला समोरच्याने सांगितलं. मला कळलंच नव्हतं." पुढच्या पितृपक्षात हॉलमध्ये निम्मे टेबल. त्याच्या पुढच्या वर्षी तीन. मग पाकिटं दुकानात यायची बंद झाली, पोरं मोबाईलवर गेली, अरुण परदेशी गेला, आणि हॉलवाल्याच्या मुलाने हॉल पाडून गोदाम केलं.

तू मला त्याबद्दल एका शब्दाने टोमणा मारला नाहीस. तो न मारलेलाच मला सगळ्यात जास्त लागला, हे तुला माहीत होतं, हरामखोरा.

मग उरलो तू आणि मी. दर पितृपक्षात मी जळगावहून गाडीत बसायचो, डब्यात खीर घेऊन, आणि या खोलीत ‘खान्देश चॅम्पियनशिप’ भरायची. उद्घाटनाचं भाषण मी करायचो, पूर्ण, पाहुण्यांचं स्वागत वगैरे. पाहुणा एकच, वहिनी, त्याही चहा ठेवून खाली जायच्या. तुझ्या नियमाने खेळायचो, कारण खोली तुझी. तू कधीच म्हणाला नाहीस, हारनू. दरवर्षी मीच. कधी पत्ते वाईट म्हणून, कधी शेवटची गाडी चुकेल म्हणून. तू विचारायचास, "खरंच हारनास का गाडीमुळे?" मी म्हणायचो, "कारण विचारायचं नाही, नियमात नाही." तू पत्ते गोळा करायचास, ठक ठक, कडा सरळ. "पुढला सालले ये, जगन." मी जिन्यावरूनच ओरडायचो, "येतो, येतो, न येऊन सांगतो कोणाला!"

गेल्या उन्हाळ्यात तुझा रिपोर्ट आला. तू दुकानात मशीनमागे बसला होतास. कागद माझ्यापुढे सरकवलास. मी पुढची बाजू वाचली, इंग्रजी शब्द, आकडे, काही कळले, काही कळून घेतले नाहीत. उलटायला गेलो तर तू माझा हात धरलास.

"मागली बाजू ऱ्हाऊ दे."

"अरे, उपाय मागे लिहिला असेल तर?"

"नही शे," तू म्हणालास. "मी वाचेल शे."

आयुष्यात एकदाच कागद उलटून पाहिलास, हिरा, आणि तोही हा.

मी फार हसवलं तुला त्या महिन्यांत. तुझ्या पलंगाशेजारी बसून मी अख्खी लग्नं वठवली, भटजीसकट. डॉक्टर आले की तू त्यांच्यादेखत मला डोळा मारायचास. डॉक्टर म्हणायचे, फार दिवस नाहीत. तू म्हणायचास, "कागद सांगी का?" मलाही वाटू लागलं होतं की हा माणूस बोलल्याशिवाय काही होणार नाही. इतकी वर्षं कोणी याच्या तोंडून तो शब्द काढू शकलं नाही. तो आजार कोण लागून गेला?

आणि मग तूच म्हणालास, "या साल पितृपक्ष लांब शे. आतेच खेळूत."

वहिनी नको म्हणाल्या. तू जिन्याची प्रत्येक पायरी बसत चढलास. मी भाषणाला उभा राहिलो तर म्हणालास, "आज नको." मग पत्ते पडले. आणि काय पडले! दगडाचा राक्षस, ज्याला आपण दगड्या म्हणायचो, तो पहिल्याच हाती. त्याच्यामागून तीनतोंड्या अजगर. माझ्यापुढे उरला एक किल्ला, भिंत पडलेला. मागच्या बाजूच्या हिशेबाने पुढच्या हल्ल्यात मी शून्य. मी तोंड उघडलं होतं, हरलो म्हणायला. नेहमीसारखं.

तू हातातले पत्ते उताणे ठेवलेस.

"हारनू."

"काय?"

"मी हारनू, जगन."

"अरे वेड्या, बघ तरी! दगड्या उभा आहे तुझा, अजगर उभा आहे. एक हल्ला आणि मी संपलो. कागदाप्रमाणे तू जिंकलायस!"

"कोना कागद?"

"सगळ्या जगाचा!"

तू हसायला लागलास. हसता हसता खोकलास, खोकता खोकता हसलास. "आते बरा तुले कागद आठवना?"

सबंध हॉलपुढे मी ज्या कागदाच्या बाजूने उभा राहिलो, तो आज मला तुझ्यासाठी हवा होता. आणि ज्या नियमासाठी तू एकटा पडलास, तो तू शांतपणे माझ्यावर चालवलास.

"गोया कर मन्हा पत्ता."

"नाही करत."

"जगन."

"नाही करत म्हटलं ना! मी पुढच्या वर्षी गोळा करीन."

तू माझ्याकडे बघितलंस. समोरचा कधी मोडतो ते बघायची तुझी जुनी नजर. मग म्हणालास, "ऱ्हाऊ दे मंग." मी तुला धरून खाली उतरवलं आणि गाडीला पळालो. गाडीला वेळ होता, हे तुला आणि मला दोघांना माहीत होतं.

मला वाटलं होतं, हिरा, पत्ते उचललेच नाहीत तर हार पुरी होत नाही. आपलाच नियम. डाव टेबलावर उघडा आहे तोवर तुला कुठे जाता येणार आहे? पन्नाशीला आलेला माणूस मी, बुद्धीने बेताचा, पण इतक्या वर्षांत या एका नियमाने आपल्याला कधी फसवलं नव्हतं. तू परत जिना चढला नाहीस. वहिनींना तू टेबलाला हात लावू दिला नाहीस, त्यांनी चादर टाकली. आणि तू गेलास. पत्ते तसेच असताना गेलास. नियमाला विचारलंही नाहीस.

आत्ता वहिनी वर आल्या होत्या. चहा ठेवला, एकच कप. चादरीकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, ते म्हनेत, जगन येई अन् उचली. मी म्हटलं, तुम्हीच उचला ना. तर म्हनेत, मन्हा पत्ता मी उचलाना नही."

"अजून काय म्हणाला?"

"बस. इतकंच."

त्या खाली गेल्या. खालचा माणूस दुसऱ्यांदा हाक मारून गेलाय. मी म्हटलं, पाच मिनिटं.

तर चादर काढली. दगड्यावर धूळ नाही, वहिनींची कृपा. तुझ्या बाजूला जाऊन उभा राहिलो. या बाजूने मी हा टेबल कधी पाहिलाच नव्हता. इथून माझी खुर्ची दिसते, आणि खुर्चीमागे जिना. म्हणजे इतकी वर्षं मी गाडीसाठी पळायचो ते तू शेवटच्या पायरीपर्यंत बघत बसायचास.

पत्ते गोळा केले. दगड्या, अजगर, उताणे ठेवलेले सगळे. त्यांत एक मंत्रही होता, त्या दिवशी मला दिसला नव्हता. तो टाकला असतास तर मी शून्यावर कधीच गेलो असतो. टेबलावर ठोकले. ठक, ठक. तुझ्यासारख्या कडा सरळ येत नाहीत, एक कोपरा बाहेरच राहतो. पुन्हा ठोकले. आता गठ्ठा माझ्या हातात आहे आणि हरलेल्याच्या हातात द्यायचा आहे. हात नाही. वहिनींना देऊन उपयोग नाही, अरुणच्या आईचं नव्हतं चाललं, यांचं कसं चालेल?

आणि बोलावणं उरलंय. लोक म्हणतात, पितृपक्षात गेलेले परत येतात. आपण इतकी वर्षं त्यांच्याच पंगतीत पत्ते पिसले, तेव्हा तू येशीलही, तुझा काय भरवसा. पण हॉल गोदाम झालाय. या खोलीत उद्यापासून मोबाईलची कव्हरं असतील. अरुण नाही, नशिराबादचं कोणी नाही, आणि मला एकट्याला खेळता येत नाही, समोर चेहरा लागतो. खिरीचा डबा घेऊन मी कुठल्या जिन्याने चढू? म्हणून नियमातलं ते एक वाक्य मी तुझ्यासाठी उलटं म्हणतो, माईकशिवाय, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

पुढला सालले येऊ नको, हिरामण. इथे कोणी नसेल.